‘वाइल्ड’, ‘रानटी’ आणि पिंपळनेरचे रान

१. विषयप्रवेश

पिंपळनेर हे गाव धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी वसलेले आहे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशविषयक बारावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा खानदेशच्या सोळा तालुक्यांपैकी एकाचे नाव पिंपळनेर असे होते. पुढे ते नाव तालुक्याकडून गेले आणि केवळ गावापुरते उरले. या गावी उभे राहून दोन दिशांस पाहिले असता दोन निरनिराळे प्रदेश दृष्टीस पडतात. पांझरेच्या खोऱ्यात खाली खाली बंधारे, पाट आणि फडांची बागायत आहे. पश्चिमेस व दक्षिणेस सह्याद्रीचे फाटे, शेलबारी व कोंडाईबारी यांसारख्या खिंडी आणि त्यांपलीकडे डांगचे अरण्य आहे.

गावाच्या नावातही हे दोन प्रदेश एकत्र नांदतात. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर या नावांतील ‘नेर’ हे अंत्यपद ‘नगर’ शब्दाच्या ‘नयर’ या प्राकृत रूपावरून आले असावे, असे मानणे सयुक्तिक आहे. पिंपळ हा कोणी पेरल्यावाचून भिंतीतही उगवणारा वृक्ष. नगर ही मनुष्याने आखून वसवलेली वस्ती. आपोआप उगवलेले आणि मुद्दाम वसवलेले, असे दोन्ही अर्थ एकाच नावात आहेत आणि त्यांत काही विरोध आहे असे गावकऱ्यांस कधी वाटलेले नाही.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत मात्र हा विरोध पदोपदी आढळतो. त्या कागदांत पश्चिमेचा मुलूख ‘वाइल्ड’ आहे, त्यातील पशू ‘वाइल्ड’ आहेत आणि तेथील भिल्ल आदी लोकही ‘वाइल्ड’ आहेत. भूमी, श्वापद आणि मनुष्य या तिघांस एकच विशेषण लावले गेले. या विशेषणाचा मूळ अर्थ काय, ते आपल्या भाषेत कोणत्या वाटेने शिरले आणि ज्यांना ते लावले गेले त्यांच्या वाट्यास त्यामुळे काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. इंग्रजी शब्दाचे कुल

‘वाइल्ड’ हा शब्द इंग्रजीत फार जुना आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘विल्डे’ असे असून जर्मन व डच भाषांत ‘विल्ड’, प्राचीन नॉर्स भाषेत ‘विल्र्’ आणि गॉथिक भाषेत ‘विल्थेइस’ ही त्याची भावंडे आढळतात. गॉथिक बायबलात हा शब्द रानऑलिव्हच्या झाडास लावलेला आहे. म्हणजे मनुष्याने न लावलेले, न जोपासलेले असा त्याचा अर्थ तेथे स्पष्ट दिसतो. नॉर्स शब्दात ‘वाट चुकलेला, भांबावलेला’ ही छटाही आहे.

त्याच्या धातूविषयी मात्र एकमत नाही. अमेरिकन इतिहासकार रॉडरिक नॅश यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात हा शब्द इच्छावाचक ‘विल्’शी जोडला आणि ‘स्वतःच्या इच्छेने चालणारे ते वाइल्ड’ अशी उपपत्ती लोकप्रिय केली. दुसरे एक मत त्याचा संबंध अरण्यवाचक जर्मन ‘वाल्ड’ शब्दाशी लावते. पहिली उपपत्ती मनास भुरळ घालते, परंतु व्युत्पत्तिशास्त्रात गोड वाटणे हा पुरावा होत नाही. ही दोन्ही नाती सिद्ध झालेली नाहीत, एवढेच म्हणणे योग्य होय.

‘विल्डरनेस’ या साधित शब्दाचा इतिहास अधिक निश्चित आहे. त्यातील मधला अंश ‘डेऑर’ असा असून त्यापासून पुढे हरणवाचक ‘डिअर’ झाला; पण प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ पशू असा होता. आजही जर्मनमध्ये ‘टीअर’ म्हणजे पशूच. तेव्हा ‘विल्डरनेस’ म्हणजे रानपशूंचे ठिकाण. त्या शब्दाच्या पोटात मनुष्यास जागा नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच अर्थक्षेत्रातील दुसरा शब्द ‘सॅव्हेज’. त्याचे मूळ लॅटिन ‘सिल्व्हाटिकुस’, म्हणजे ‘सिल्व्हा’ अथवा अरण्य यातील. प्रारंभी हा शब्द केवळ ठिकाण सांगत होता. फ्रेंच भाषेतून इंग्रजीत उतरेपर्यंत तो स्वभाव सांगू लागला. ‘फॉरेस्ट’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘फोरिस’ म्हणजे ‘बाहेर’ या अव्ययात आहे, असे सामान्यतः मानतात. सारांश, वस्तीच्या बाहेर जे आहे ते अरण्य, आणि अरण्यात जो आहे तो क्रूर, असा अर्थाचा उतार युरोपीय भाषांत झालेला दिसतो.

३. अरण्य, रान आणि रानटी

हा उतार केवळ युरोपातच झाला असे म्हणता येत नाही. आपला ‘रान’ हा शब्द संस्कृत ‘अरण्य’ यापासून आला आहे. कर्णाचा ‘कण्ण’ आणि ‘कान’, पर्णाचा ‘पण्ण’ आणि ‘पान’, त्याचप्रमाणे अरण्याचा ‘रण्ण’ आणि ‘रान’. या शब्दातील आद्य अकाराचा लोप हेमचंद्राने बाराव्या शतकातच आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदवून ठेवला आहे. ‘अरण्य’ शब्दाचे मूळ वैदिक ‘अरण’ यात असून त्याचा अर्थ दूरचा, परका असा आहे. लॅटिन ‘फोरिस’ आणि वैदिक ‘अरण’ यांचे भाषिक नाते नाही, तथापि दोन्ही समाजांनी अरण्यास ‘बाहेर’ या कल्पनेवरूनच नाव दिले हे साम्य विलक्षण आहे.

वैदिक यज्ञविधीत ग्राम्य पशू आणि आरण्य पशू असा भेद केलेला आहे. अश्वमेधात आरण्य पशूही आणून बांधीत. मात्र ग्राम्य पशूंचा बळी दिल्यावर आरण्य पशूंस जिवंत सोडून देत. गावाची सत्ता गावाच्या पशूंवर. रानाचे ते रानास परत, असा त्यातील भाव दिसतो. राजकीय लेखांतही अरण्यवासी हे प्रथम एक सत्ता म्हणून येतात. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अटवीतील लोकांस सामोपचाराबरोबर इशाराही दिलेला आहे. समुद्रगुप्ताच्या प्रयागस्तंभावरील प्रशस्तीत सर्व आटविक राजांस सेवक केल्याची फुशारकी आहे. ज्यांस जिंकल्याचा अभिमान मिरवावा, असे ते ‘राजे’ होते. ‘आटविक’ म्हणजे अटवीतला. हे विशेषण राहण्याचे ठिकाण सांगते. स्वभावाची निंदा त्याच्या अर्थात नाही.

मराठीत ‘रान’ या शब्दाचे भाग्य याहूनही निराळे झाले. पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी ‘रानात जातो’ म्हणतो तेव्हा तो आपल्या नांगरलेल्या शेताकडेच निघालेला असतो. खानदेशात शेतास ‘वावर’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तेथे ‘रान’ शब्द झाडीकडे अधिक झुकतो, हे खरे. परंतु दोन्हीकडे रानमेवा, रानभाजी, रानवारा, रानफूल हे शब्द कौतुकाचेच आहेत. रानडुक्कर वा रानमांजर म्हणताना गावातल्या डुकराहून वा मांजराहून वेगळी जात एवढेच सांगावयाचे असते. एकच शब्द पेरलेल्या शेतास आणि न पेरलेल्या झाडीस चालतो, याचा अर्थ असा की त्या दोहोंमध्ये भिंत आहे अशी कल्पना मराठी कुणब्याने केलेली नव्हती.

‘रानटी’ या विशेषणाची गोष्ट वेगळी आहे. रानटी वनस्पती, रानटी हत्ती येथवर ते निरुपद्रवी असते. मनुष्यास लावताच त्याची शिवी होते. इंग्रजी शिकलेल्या पिढीने ‘वाइल्ड’ आणि ‘सॅव्हेज’ या दोन्ही शब्दांसाठी ‘रानटी’ हा एकच प्रतिशब्द चालवला. त्यामुळे झाडाचे वर्णन आणि मनुष्याची निंदा यांतील जे अंतर इंग्रजीत दोन शब्दांनी निदान अंशतः राखले होते, तेही मराठीत उरले नाही.

४. जंगल : अर्थाचा उलटा प्रवास

‘जंगली’ हा शब्द तर याहून उद्बोधक आहे. आयुर्वेदात ‘जाङ्गल देश’ म्हणजे विरळ झाडीचा, कोरडा, मोकळा आणि आरोग्यास हितकर मुलूख. त्याच्या उलट पाणथळ, दमट तो ‘आनूप देश’. हरणांचे कळप जाङ्गल देशात चरतात आणि शेतीही तेथेच बहरते. फ्रेंच विद्वान फ्रान्सिस झिमरमान यांनी १९८२ सालच्या ग्रंथात या विषयाचे सविस्तर विवेचन केले आहे. पुढे फारसी व देशी भाषांच्या व्यवहारात ‘जंगल’ म्हणजे पडीक, झाडोऱ्याची जमीन असा अर्थ आला. इंग्रजीत १७७६ साली हॅल्हेडच्या धर्मशास्त्रविषयक भाषांतरात तो शब्द उतरला आणि हळूहळू घनदाट, ओलसर, रोगट अरण्य असा त्याचा अर्थ स्थिर झाला. म्हणजे कोरड्याचे ओले झाले आणि आरोग्यदायकाचे रोगट झाले. हाच उलटा अर्थ घेऊन शब्द पुन्हा आपल्या घरी परतला, आणि आता ‘जंगली’ म्हणजे असंस्कृत हे आपल्याला स्वयंसिद्ध वाटते.

अर्थाच्या दृष्टीने पाहू जाता खानदेशचा बराचसा भाग हा त्या प्राचीन व्याख्येप्रमाणे ‘जाङ्गल’ ठरेल. पिंपळनेरच्या पूर्वेचा तो कोरडा, विरळ झाडीचा, फडांच्या पाण्याने पिकणारा मुलूख.

५. खानदेशात ‘वाइल्ड’ शब्दाचे आगमन

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाला आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांची तेथे पोलिटिकल एजंट म्हणून नेमणूक झाली. त्यांस जो मुलूख मिळाला तो उद्ध्वस्त होता. १८०२ सालची यशवंतराव होळकरांची धूळधाण आणि पाठोपाठ १८०३–०४ चा भीषण दुष्काळ यांनी शेकडो गावे ओस पडली होती. शेते झाडीने व्यापली होती. भिल्लांच्या टोळ्या लूटमार करीत होत्या, हेही खरे.

परंतु नव्या राज्यकर्त्यांनी या स्थितीचे जे निदान केले ते पाहण्यासारखे आहे. त्यापूर्वी खानदेशातील भिल्ल नाईक घाट आणि वाटा राखीत व त्याबद्दल गावांकडून ठरलेले हक्क वसूल करीत. पुष्कळ गावांत जागल्याचे काम भिल्लांकडे असे. उभ्या पिकाची व निजलेल्या गावाची राखण ज्याने करावयाची, तोच हा ‘वाइल्ड’ मनुष्य. राज्यव्यवस्था मोडली, हक्क बुडाले, गावे उजाडली आणि राखणदार लुटारू झाले, अशी ही कारणपरंपरा आहे. इतिहासकार सुमित गुहा यांनी १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, पश्चिम भारतातील अरण्यवासी समाज हे जगापासून तुटलेले आदिम अवशेष नव्हते. शेती, व्यापार आणि राजकारण यांच्याशी त्यांचे नाते सतत घडत व मोडत आले होते. ‘वाइल्ड’ या एका विशेषणाने हा सर्व इतिहास पुसला गेला. जे प्रसंगाने घडले होते ते स्वभावाने आहे असे ठरले.

१८२५ साली लेफ्टनंट जेम्स औट्रम यांच्या हाताखाली खानदेश भिल्ल पलटण उभारण्यात आली व तिचे ठाणे धरणगाव येथे ठेवण्यात आले. औट्रम वाघाच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होते. या उपक्रमाचे वर्णन करताना इंग्रजी लेखक जे क्रियापद वारंवार योजतात ते ‘रिक्लेम’ हे होय. हे क्रियापद मूळचे ससाणे पाळणाऱ्यांच्या धंद्यातील; उडालेल्या पक्ष्यास हाक मारून परत हातावर बसवणे हा त्याचा जुना अर्थ. पुढे ते पडीक जमीन लागवडीखाली आणण्यास लागू झाले. पक्षी, पडीक जमीन आणि भिल्ल, तिघांसाठी एकच क्रियापद.

अशा रीतीने ‘सुधारलेला’ मनुष्यही विश्वासाचा ठरे असे नाही. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे खाज्या नाईक हे कंपनी सरकारच्याच चाकरीत होते. १८५७ साली ते उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे मोठी लढाई झाली आणि १८६० साली खाज्या नाईक मारले गेले. त्यांच्या उठावामागे हक्क, चाकरी आणि अपमान यांचा इतिहास आहे. तो वाचण्याचे कष्ट ज्यास घ्यावयाचे नसतील, त्यास ‘वाइल्ड’ हा शब्द सोयीचा पडतो.

६. विशेषणाचा कायदा होतो

शब्द कागदावर राहिला असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु विशेषणांचे पुढे वर्ग झाले आणि वर्गांचे कायदे झाले. १८७८ च्या वन अधिनियमाने अरण्यांचे राखीव व संरक्षित असे प्रकार पाडले. १९२७ च्या अधिनियमाने तीच चौकट पुढे चालवली. रान हे सरकारचे झाले आणि त्यात राहणारा, लाकूड-मोहाची फुले गोळा करणारा मनुष्य पाहता पाहता अतिक्रमण करणारा ठरला. १८९१ च्या जनगणनेत बेन्स यांनी या समाजांस ‘अरण्यजाती’ म्हटले. १९०१ साली त्यांच्या धर्मावरून त्यांस ‘जडप्राणवादी’ अशा अर्थाचे नाव मिळाले. १९३१ साली हटन यांच्या अहवालात ते ‘आदिम जमाती’ झाले. १९५० च्या संविधानाने ‘अनुसूचित जमाती’ ही संज्ञा दिली. नावे बदलत गेली. त्यांतील शेवटच्या नावातच काय ते विशेषण नाही.

पशुपक्ष्यांच्या बाबतीत ‘वाइल्ड’ शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. १८८७ व १९१२ च्या कायद्यांनी वन्य पक्षी व प्राणी यांस काही संरक्षण दिले. मुंबई राज्याने १९५१ साली आपला स्वतंत्र कायदा केला. आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने वन्यत्व हे जपण्याचे मूल्य ठरले. येथे मराठीने ‘रानटी’ टाकून ‘वन्य’ हा शब्द स्वीकारला, ही निवड मार्मिक आहे. वाघास आपण ‘वन्य’ म्हणतो. ‘रानटी’ हे विशेषण मनुष्यासाठी राखून ठेवले. ज्या गुणामुळे वाघ रक्षणास पात्र झाला, त्याच गुणाच्या आरोपामुळे मनुष्य त्या रानातून बाहेर काढण्यास पात्र झाला. २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या प्रास्ताविकेत अरण्यवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या अन्यायाच्या मुळाशी हा शब्दव्यवहारही आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

७. ‘मोगलाई’ : दुसऱ्या बाजूने पाहता

ज्यांना हे विशेषण लावले गेले ते स्वतःच्या भूतकाळास काय म्हणत होते, हा प्रश्न स्वाभाविकच उपस्थित होतो. पिंपळनेरच्या पश्चिमेस लागून असलेल्या डांगमध्ये (१९६० पासून हा प्रदेश गुजरात राज्यात आहे) इतिहासकार अजय स्कारिया यांनी लोकांच्या तोंडच्या गोष्टी गोळा करून १९९९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दोन काळांची नावे पुनःपुन्हा येतात. एक ‘मोगलाई’ आणि दुसरा ‘मांडिणी’. मांडिणी म्हणजे वनखात्याने रानाच्या हद्दी आखल्या तो काळ. मोगलाई म्हणजे त्यापूर्वीचा, मोकळ्या हिंडण्याफिरण्याचा आणि स्वतःच्या राजांचा काळ.

आपल्या प्रमाण मराठीत ‘मोगलाई माजली’ म्हणजे अंदाधुंदी झाली. घाटाच्या एका बाजूस जो शब्द बेबंदपणाची शिवी आहे, तोच दुसऱ्या बाजूस स्वातंत्र्याची आठवण आहे. एकच काळ, एकच शब्द, आणि पाहणारा कोठे उभा आहे यावरून अर्थ उलटा. ‘वाइल्ड’ शब्दाच्या अर्थनिर्णयास याहून चांगली गुरुकिल्ली दुसरी सापडणे कठीण आहे. तो शब्द वस्तूचा गुण सांगत नाही. वस्तू आणि पाहणारा यांमधील अंतर सांगतो. वैदिक ‘अरण’ आणि लॅटिन ‘फोरिस’ हेच सांगत होते. बाहेरचे म्हणजे कोणाच्या बाहेरचे, हा प्रश्न तेवढा शब्दात लिहिलेला नसतो.

८. समारोप

या विषयाचा शेवट एका मराठी क्रियापदाने करणे उचित होईल. इंग्रजीत ‘टेम’ म्हणजे वश केलेले. त्याचे मूळ आणि संस्कृत ‘दम्’ धातूचे मूळ एकच आहे. संस्कृतात ‘दम्य’ म्हणजे जुवास जुंपण्यापूर्वी वळण लावावयाचा गोऱ्हा. यावरून जे दमले जात नाही ते ‘अदम्य’. म्हणजे इंग्रजीत ज्यास ‘अन्टेम्ड’ म्हणतात, त्याचे अक्षरशः सगोत्र रूप आपला ‘अदम्य’ शब्द आहे. आणि तो मराठीत केवळ स्तुतीसाठी येतो. अदम्य उत्साह, अदम्य इच्छा असे आपण गौरवाने म्हणतो. जो गुण नागर पुरुषाच्या ठायी अदम्य, तोच डोंगरातल्या पुरुषाच्या ठायी रानटी, असा हा न्याय झाला.

परंतु बोलीतील मराठी शेतकरी पशूस वश करण्यास ‘दमन’ म्हणत नाही. तो ‘माणसाळवणे’ म्हणतो. पाखरू माणसाळते, वासरू माणसाळते. माणसांत आले, माणसांची सवय झाली, एवढाच त्याचा अर्थ. हे क्रियापद मनुष्यास लावू पाहावे तर ते लागतच नाही; कारण मनुष्य प्रथमपासूनच माणूस आहे. ‘न माणसाळलेला माणूस’ ही शब्दरचना मराठीत वदतोव्याघात ठरते. इंग्रजी अहवालांच्या भाषांतरातून आलेली ‘रानटी जमात’ ही संज्ञा हा वदतोव्याघात झाकून ठेवते. आपले स्वतःचे क्रियापद तो उघडा करते.

शब्दांचा इतिहास पाहणाऱ्यास हे काम लहान वाटू नये. खानदेशच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाची साधने बहुतांशी ज्या भाषेत लिहिलेली आहेत, त्या भाषेने पिंपळनेरच्या पश्चिमेकडील माणसांस आधीच एक विशेषण देऊन ठेवले आहे. ते साधन वाचताना ‘वाइल्ड’ शब्द आला की तेथे थांबावे, आणि कोणत्या साली, कोणी, कोणत्या ठाण्यावर बसून, कोणते हक्क बुडाल्यानंतर हा शब्द लिहिला, एवढे विचारून मगच पुढचे वाक्य वाचावे. एवढी दक्षता घेतली तर त्या कागदांतून राखणदार, नाईक, जागल्ये आणि वाटाडे पुन्हा माणसे म्हणून दिसू लागतील.